चर्च पाडून भाड्याची घरे बांधली. आपल्या विहारांच्या जागेचे काय?

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका मुलीसाठी पुण्यात खोली शोधत फिरत होतो. मुलगी बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोड कामगार, स्वतः स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. एका घरी मालकीणबाईंनी आधी नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, आणि शेवटी "खाण्यापिण्याचे काय?" हे विचारले. उत्तरे ऐकून म्हणाल्या, "अहो, आमची भाची येणार आहे, तिच्यासाठी ठेवलीय खोली." तीन दिवसांनी आम्ही त्याच गल्लीतून गेलो, तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी दारावर तशीच होती. भाची काही आली नव्हती. अखेर पाचव्या ठिकाणी खोली मिळाली. तिथे भाडे जास्त होते, उजेड कमी होता, पण आडनाव विचारले नाही.

त्याच आठवड्यात एका वस्तीत विहाराच्या पुनर्विकासाची बैठक होती. बिल्डरच्या माणसाने रंगीत आराखडा आणला होता. संगमरवरी फरशी, मोठी कमान, वातानुकूलित सभागृह. दोन तास चर्चा झाली ती मूर्ती किती फुटांची असावी आणि कोनशिलेवर कोणाकोणाची नावे असावीत यावर. या जागेत कुणाला राहायला मिळेल का, हे एकाही माणसाने विचारले नाही. आम्हीही विचारले नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

खोली न मिळणारी मुलगी आणि मूर्तीची उंची मोजणारी बैठक, या दोन गोष्टी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत हे आम्हाला पुढे अमेरिकेतल्या एका चर्चची हकीकत वाचताना उमगले. ती हकीकत आपल्या तरुणांपर्यंत पोहोचावी म्हणून हा लेख.

आर्लिंग्टनमध्ये काय घडले?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिच्या शेजारी, पोटोमॅक नदीच्या पलीकडे, व्हर्जिनिया राज्यातले आर्लिंग्टन. तिथे कोलंबिया पाइक नावाच्या रस्त्यावर आर्लिंग्टन प्रेस्बिटेरियन चर्च होते. जुनी दगडी इमारत, मोक्याची जागा, पण प्रार्थनेला येणारी माणसे वर्षागणिक कमी होत चाललेली. अशा वेळी कोणतीही धार्मिक संस्था दोनपैकी एक करते. एक तर इमारतीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करते, नाहीतर जागा विकून मोकळी होते.

या मंडळींनी वेगळे केले. ती चर्चबाहेर पडली आणि त्या रस्त्यावरच्या लोकांशी बोलू लागली. तेव्हा लक्षात आले की इथे दुकानात, हॉटेलात, शाळेत काम करणाऱ्या माणसांना इथे राहणे परवडत नाही. आपण दर रविवारी 'शेजाऱ्यावर प्रेम करा' म्हणतो, पण शेजारीच भाड्यापायी हाकलला जातोय. मग आपल्याकडे काय आहे? जमीन आहे.

वाद झाले. ज्या इमारतीत लग्ने लागली, मयतीच्या प्रार्थना झाल्या, ती पाडायची हा निर्णय सोपा नव्हता. वर्षानुवर्षे बैठका चालल्या. अखेर मंडळीने जागा एका ना-नफा गृहनिर्माण संस्थेला विकली, चर्च पाडले गेले, आणि २०१९ मध्ये तिथे 'गिलियम प्लेस' नावाची इमारत उभी राहिली. तिच्यात १७३ घरे आहेत आणि ती भाड्याची आहेत. परिसरातल्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी कमाई असलेल्या कुटुंबांसाठी ती राखलेली आहेत. घर मिळण्यासाठी त्या चर्चचे सभासद असावे लागत नाही, ख्रिस्ती असावे लागत नाही. इमारतीला नाव दिले रोंडा गिलियम यांचे. हे त्या चर्चच्या कारभारी मंडळावर निवडून आलेल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय सदस्यांपैकी एक.

आणि चर्च? ते याच इमारतीच्या तळमजल्यावर परतले, भाडेकरू म्हणून. जी संस्था काल मालक होती ती आज त्याच जागेवर भाडे भरून प्रार्थना करते. आम्हाला या सगळ्या हकीकतीत हीच गोष्ट सर्वात मोठी वाटते.

हे एकमेव उदाहरण नाही. त्याच आर्लिंग्टनमध्ये क्लॅरेंडन भागातल्या बॅप्टिस्ट चर्चने आपल्या जागेवर ११६ घरांची इमारत उभी राहू दिली. त्यातली ७० घरे कमी भाड्याची. सरकारी पैसा चर्चच्या फायद्यासाठी वापरला जातोय, असा दावा करून तिथल्या एका रहिवाशाने कोर्टात धाव घेतली. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला. पुढे २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. धार्मिक संस्था आणि ना-नफा महाविद्यालये आपल्या जमिनीवर परवडणारी घरे बांधणार असतील तर परवानगीची लांबलचक फरफट त्यांना करावी लागू नये, आणि भाड्याची घरे किमान ५५ वर्षे परवडणाऱ्या भाड्यातच राहावीत, अशी त्या कायद्याची रचना आहे.

इथे कुणाला वाटेल की अमेरिकेतले चर्च म्हणजे समतेचे माहेरघर. तसे अजिबात नाही. 'हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही' असे करार करणारे लोक रविवारी चर्चमध्येच जात होते. असे करार कोर्टांनी अमलात आणू नयेत हे सांगायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला १९४८ साल उजाडले. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये शिकागोच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत भाड्याच्या घरात राहायला गेले आणि त्यांनी घराच्या हक्काचे आंदोलन उभे केले. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांचा खून झाला, आणि घर विकताना-भाड्याने देताना वर्ण, धर्म पाहण्यास मनाई करणारा कायदा ११ एप्रिलला झाला. एका माणसाचा जीव गेल्यावर सात दिवसांनी! तेव्हा आर्लिंग्टनच्या मंडळीने केले ते उपकार नव्हेत. ती जुन्या पापाची फेड आहे. पण फेड करायची बुद्धी तरी झाली, हे मान्य करावे लागेल.

भाड्याचे घर म्हणजे कमी दर्जाचे घर?

आपल्याकडे 'पुनर्विकास' म्हटले की डोळ्यांसमोर एकच चित्र येते. जुन्या खोलीच्या बदल्यात मालकीचा फ्लॅट. बीडीडी चाळींचे तेच, झोपडपट्टी पुनर्वसनाचेही तेच. मालकी मिळणे चांगलेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेल्या समाजाला मालकीची ओढ असणारच. पण या योजनांत ज्याचे नाव यादीत तो पात्र. ठरलेल्या तारखेनंतर आलेला, पोटभाड्याने राहणारा, कॉट घेऊन राहणारा, शिकायला आलेली मुलगी, नवऱ्याने टाकलेली बाई, बदलीवर आलेला सफाई कामगार, यांचे काय? बहुतेक वेळा त्यांचे नाव कोणत्याच यादीत नसते.

सरकारने हा विचार केलाच नाही असे नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने मुंबई महानगर प्रदेशात १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे काय झाले? ती घरे दुसऱ्याच कामांना वळवली गेली. पनवेलजवळ कोन इथली घरे गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आली. गिरणी कामगारांचा हक्क शंभर टक्के खरा आहे, पण त्यासाठी भाडेकरूच्या ताटातले काढून द्यायचे कारण काय होते? दुसरीकडे २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांवर घरे रिकामी पडून होती. म्हणजे घरे आहेत. ती कुणाला द्यायची, हा प्रश्न आहे.

आणि 'कुणाला' म्हटले की आपल्या देशात जात येतेच. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घर मागणारा दलित किंवा मुस्लिम आहे हे कळल्यावर नकार येतो, किंवा जास्त भाडे, जास्त अटी येतात, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला वस्तीत राहण्यापासून अडवणे गुन्हा ठरवले आहे. पण 'भाची येणार आहे' म्हणणाऱ्यापुढे हा कायदा काय सिद्ध करणार? ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात कायदा. म्हणून किल्ली कुणाच्या हातात आहे हे महत्त्वाचे.

बाबासाहेब आणि भाड्याची खोली

आपण ज्या वास्तूंना वंदन करायला जातो त्यांची आठवण करा. परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. बाबासाहेब १९१२ पासून सुमारे दोन दशके तिथले. ती चाळ कुणी बांधली? प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने. सार्वजनिक संस्थेची, कामगाराला परवडणारी, भाड्याची खोली! लंडनमधले किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन स्मारक केले. तिथेही विद्यार्थी भीमराव भाडेकरूच होते. कुणीतरी खोली दिली म्हणून हा महामानव शिकू शकला.

आणि जिथे खोली मिळाली नाही तिथे काय झाले? १९१७ चे बडोदा आठवा. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. त्यानंतर त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्राने सांगितले, 'पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो.' ते मूळचे ब्राह्मण कुटुंब होते. नवरा मोकळ्या विचारांचा झाला होता, पत्नीच्या मनातले सोवळे मात्र गेले नव्हते. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. शंभर वर्षांपूर्वी पत्नी येणार होती, आज भाची येते. एवढाच फरक.

म्हणूनच १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केल्यावर बाबासाहेबांनी देऊळ बांधले नाही. १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. त्याआधी राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले होते. आधी डोक्यावर छप्पर, मग बाकीचे, हा आपल्या चळवळीचा क्रम आहे. आपण तो कधी उलटा केला?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

'विहार पवित्र आहे, तिथे लोकांनी संसार थाटायचे का?' मित्रांनो, विहार या शब्दाचाच अर्थ राहण्याची जागा. वर्षावासात भिक्खूंना निवारा हवा म्हणून विहार झाले. अजिंठ्याला जा. ३० लेण्यांत चैत्यगृहे ५ आणि बाकीचे विहार, म्हणजे राहायच्या खोल्या. आपल्या पूर्वजांनी डोंगर फोडला तो मुख्यतः माणसाला पाठ टेकता यावी म्हणून. नाशिकच्या लेण्यांतले शिलालेख सांगतात की हे दान चारही दिशांच्या संघासाठी आहे, म्हणजे जो येईल त्याच्यासाठी. वंदनेचा हॉल तळमजल्यावर आणि वर राहायच्या खोल्या, यात धम्माला बाधा येत नाही. उलट विहार आपल्या मूळ अर्थाकडे परत जातो.

'चर्चकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठे?' आर्लिंग्टनच्या मंडळीकडे होती ती जमीन. घरांचा पैसा कर-सवलतीच्या योजनेतून आणि कर्जातून उभा राहिला. आपल्याकडे तशी योजना नाही आणि जागाही लहान, हे खरे. म्हणून १७३ घरांचे स्वप्न नको. वर दोन मजले, मजल्यावर सहा खोल्या, खोलीत दोघी, म्हणजे २४ मुलींना छप्पर. एका वस्तीने एवढे केले तरी पुरे.

'कागदपत्रेच नाहीत.' हा आक्षेप सर्वात खरा आहे. अनेक विहार आणि समाजमंदिरे पालिकेच्या किंवा सरकारी जागेवर उभी आहेत. कुठे ट्रस्टची नोंदणी नाही, कुठे ट्रस्टी वारले आणि नवे नेमलेच नाहीत. मग उद्या बिल्डर येईल तेव्हा आपण कशाच्या बळावर बोलणार? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत धार्मिक वास्तूला आधी होती त्याहून जास्त जागा मिळत नाही. म्हणजे खोल्या हव्या असतील तर त्या विहाराच्या हिशोबात बसणार नाहीत, वसतिगृह म्हणून वेगळ्या मागाव्या लागतील आणि आराखडा मंजूर होण्याआधी मागाव्या लागतील.

'यात पुढारी आणि बिल्डर खातील.' खातील, जर आपण झोपलो तर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३६ सांगते की ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे कलम प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आर्लिंग्टनने जागा विकली, आमचे मत विकण्याच्या विरोधात आहे. आपल्या समाजाच्या हातात जमीन मुळातच कमी आहे. ती ट्रस्टच्याच नावावर राहावी.

'मग खोल्या फक्त आपल्याच पोरांना द्या.' इथे आमचे अनेक कार्यकर्त्यांशी मतभेद आहेत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला 'सभासद फक्त पारशी' हा नियम ठेवू दिला. त्या निकालाच्या आधारावर उद्या कोणतीही सोसायटी आपल्याला दार बंद करू शकते, असे आपण म्हणतो. मग तेच दार आपण कुणाला बंद करायचे का? आमचे म्हणणे असे की कसोटी उत्पन्नाची आणि गरजेची असावी. बाहेर घर नाकारल्या गेलेल्यांना प्राधान्य द्या. तसे केले तर आपली मुले आपोआप पुढे येतील, आणि त्यांच्या शेजारी एखादी मुस्लिम मुलगी, एखादी पारधी मुलगी, एखादी गरीब मराठा मुलगीही राहील. ज्या इमारतीत आडनाव विचारले जात नाही अशी इमारत शहरात असू शकते, हे आपणच दाखवून द्यायचे आहे. दुसरे कोण दाखवणार?

करायचे काय?

आम्ही अंमलात आणता येतील एवढ्याच गोष्टी सांगतो.

एक, आपल्या वस्तीतल्या विहाराची, समाजमंदिराची जागा कोणाच्या नावावर आहे ते तरुणांनी या महिन्यात शोधून काढावे. सातबारा, मालमत्ता पत्रक, ट्रस्टची नोंद, सगळे एका फाइलमध्ये.

दोन, पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की बंद खोलीत सही नको. महिला मंडळासह सर्वांची जाहीर बैठक घ्यावी आणि तिचे इतिवृत्त लिहावे. आर्लिंग्टनच्या मंडळीला वर्षे लागली, आपल्याला चार बैठका लागल्या तर बिघडत नाही.

तीन, खोल्यांचा हिशोब आणि विहाराचा हिशोब वेगळा ठेवावा. भाडे किती, वाढ किती, खोली कुणाला आणि का मिळाली, हे फलकावर लिहावे. ट्रस्टीच्या भाच्याला खोली मिळाली की त्या दिवशी ही योजना मेली असे समजा.

चार, सरकारकडे मागणी. जो सार्वजनिक ट्रस्ट आपल्या जागेवर परवडणारी भाड्याची घरे बांधेल, मग ते चर्च असो, मंदिर असो, दर्गा असो वा विहार, त्याला परवानगी लवकर आणि कर्ज स्वस्त मिळावे. अट एकच, जात-धर्म विचारून खोली नाकारता येणार नाही. पुण्या-मुंबईत मोक्याच्या जमिनी कोणत्या देवस्थानांकडे आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांची 'वसुधैव कुटुंबकम्'ची भाषा किती खरी आहे, तेही मग कळेल.

पुण्यातली ती मुलगी आजही त्याच अंधाऱ्या खोलीत दिवसा दिवा लावून अभ्यास करते. आणि त्या विहाराच्या आराखड्यावर अजून सही झालेली नाही. पुढची बैठक पौर्णिमेला आहे. या वेळी मूर्तीच्या उंचीचा विषय निघण्याआधी आम्ही हात वर करणार आहोत आणि विचारणार आहोत, "खोल्या किती?"

तुमच्या वस्तीतही बैठक होईलच. तुम्हीही विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!